न मिळालेले भाडे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे मराठीत म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्या डोळ्यांपुढे एकच घर असावे. सुतार, गवंडी, चुना, वासे आणि सावकार यांचा अनुभव एकदा घेतलेला मनुष्य तो दुसऱ्यांदा घेण्याच्या भरीस पडणार नाही, असे त्याला वाटले असावे. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, तसेच गोमंतकातून किंवा बेळगावाकडून नोकरीसाठी मुंबईस गेलेल्यांत, दुसरे घर ही हौस क्वचितच असते. मूळ गावी वडिलोपार्जित घर असते. ते गणपतीला, शिमग्याला किंवा नाताळात उघडते. आठ-पंधरा दिवस त्यात दिवा लागतो आणि मग पुन्हा कुलूप पडते. इकडे नोकरीच्या गावी भाड्याच्या खोल्यांत दहा-वीस वर्षे काढल्यावर कर्ज काढून स्वतःची जागा घेतली जाते. जुने घर विकावे असे कोणाच्या मनात येत नाही. आले तरी आईवडील आहेत तोवर ते ओठांवर येत नाही. अशा रीतीने, कसलाही डामडौल न करता, एखादा साधा शिक्षक किंवा कारकून दोन घरांचा धनी होऊन बसतो.

आणि प्राप्तिकराच्या दृष्टीने त्याच दिवशी त्याच्या संसारात एक भाडेकरू शिरत असे. हा भाडेकरू कधी कोणाच्या दृष्टीस पडत नसे, त्याच्याशी करारनामा झालेला नसे आणि तो एक छदामही देत नसे. तरी त्याचे भाडे मालकाच्या उत्पन्नात धरले जाई आणि त्यावर कर भरावा लागे. हा अदृश्य भाडेकरू कायद्यात आला कोठून, इतकी वर्षे ठाण मांडून बसला कसा आणि अलीकडे त्याला दुसऱ्या घरातून काढता पाय का घ्यावा लागला, याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती सावरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे अर्थशास्त्रज्ञ येथे वित्तसदस्य म्हणून पाठविण्यात आले. विलायतेतील ‘इकॉनॉमिस्ट’ हे नियतकालिक सुरू करणारे ते हेच. फेब्रुवारी १८६० मध्ये त्यांनी कलकत्त्यास अंदाजपत्रक मांडले आणि वर्षास दोनशे रुपयांपासून पुढच्या उत्पन्नावर कर सुचविला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आले. २४ जुलै १८६० रोजी कायदा झाला आणि ११ ऑगस्टला विल्सनसाहेब कलकत्त्याच्या हवेने आजारी पडून वारले. आपला कर वसूल होताना पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

विल्सन यांनी आपल्याबरोबर आणलेला नमुना अर्थातच इंग्रजी होता. इंग्लंडात १८०३ पासून उत्पन्नाची वर्गवारी करून कर बसविण्याची रीत पडली होती आणि तीतील पहिला वर्ग जमीनजुमल्याचा होता. तेथे घरमालक स्वतःच्या घरात राहात असला, तरी तेच घर भाड्याने दिले असता जे आले असते ते त्याचे उत्पन्न समजण्यात येई. आपल्याकडे १८८६ चा प्राप्तिकर कायदा झाला तेव्हा त्यातही मालक स्वतः राहात असलेली इमारत हे उत्पन्नाचे साधन होय, असे स्पष्ट लिहिले गेले.

हा विचार वरवर पाहता अन्यायाचा वाटतो, पण त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. दोन भाऊ आहेत आणि दोघांना वडिलांकडून सारखीच रक्कम मिळाली आहे, असे समजा. एकाने ती घरात गुंतविली आणि त्यात तो राहू लागला. दुसऱ्याने ती ठेवीत ठेवली. तिच्या व्याजातून तो दुसऱ्याच्या घराचे भाडे भरतो. व्याजावर दुसऱ्याला कर पडतो. पहिल्याला राहण्याचे सुख फुकट मिळते आणि त्यावर काहीच पडत नाही. दोघांची ऐपत एक असता कर एकालाच का, हा कायदा करणाऱ्यांचा प्रश्न होता. त्याला चोख उत्तर आजतागायत कोणी दिलेले नाही. मात्र दुसऱ्या भावाच्या हाती व्याजाचे रोख पैसे येतात आणि पहिल्याने कर भरायचा तो पगारातून, हा भेद त्या युक्तिवादात झाकला जातो. कुलूपबंद घराच्या बाबतीत तर राहण्याचे सुखही वर्षातून पंधराच दिवसांचे.

१९२२ च्या कायद्याने ही आकारणी व्यवस्थित बांधून काढली. कर प्रत्यक्ष भाड्यावर नव्हे, तर ‘वार्षिक मूल्या’वर, म्हणजे ते घर वाजवीपणे जितक्या भाड्याने जाऊ शकेल त्या रकमेवर. दुरुस्तीसाठी एक षष्ठांश वजा, कर्जाचे व्याज वजा. मालक स्वतः राहात असेल तर हे मूल्य त्याच्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक धरू नये, अशी दयाही दाखविण्यात आली. बेळगाव मुंबई इलाख्यातच असल्याने तेथे हे सारे पहिल्यापासून लागू होते. बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये हा कायदा तेथे गेला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मध्यभारतात आणि हैदराबादेत तो १ एप्रिल १९५० पासून आला. गोमंतक १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले आणि १ एप्रिल १९६३ पासून तेथेही भारतीय प्राप्तिकर सुरू झाला.

या विषयातले खरे मर्म मात्र १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील तेविसाव्या कलमाच्या एका पोटकलमात आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त परगावी राहावे लागणाऱ्या माणसाची अडचण कायदेमंडळाने ओळखली होती. म्हणून असे ठरविण्यात आले की, ज्याचे एकच राहते घर आहे आणि नोकरी, धंदा किंवा व्यवसाय यामुळे ज्याला त्यात राहता येत नाही, त्याच्या त्या घराचे वार्षिक मूल्य शून्य समजावे. अट एवढीच की, ते भाड्याने दिलेले नसावे, त्यापासून दुसरा काही लाभ घेतलेला नसावा आणि परगावी तो राहतो ती इमारत त्याच्या मालकीची नसावी.

हे शेवटचे शब्द शांतपणे वाचून पाहण्यासारखे आहेत. गावाकडचे घर बंद ठेवून इंदुरात भाड्याने राहणाऱ्या माणसावर कायदा प्रसन्न होता. त्याच माणसाने काटकसर करून इंदुरात दोन खोल्या स्वतःच्या केल्या की ती कृपा संपली. भाडेकरू म्हणून राहणे हा सवलतीचा आधार होता; मालक होणे हा ती गमावण्याचा मार्ग झाला. गावचे घर तेच होते, त्याला कुलूप तेच होते, त्याच्या कौलांतून गळणारे पाणीही तेच होते. बदलला होता तो दुसऱ्या गावातला एक दस्तऐवज. कायद्याने ज्याला ‘एकच राहते घर’ म्हटले होते त्या शब्दांत एका कुटुंबाची दोन बिऱ्हाडे बसतच नव्हती.

मजेची गोष्ट अशी की, ज्या इंग्लंडातून हा अदृश्य भाडेकरू आपल्याकडे आला त्या देशाने १९६३ मध्ये त्याला रजा दिली. मालक स्वतः राहात असलेल्या घरावरील ही आकारणी तेथे त्या वर्षी रद्द झाली. शिष्याने धडा मात्र पुढे बरीच वर्षे घोकला.

आपल्याकडे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्यघटनेप्रमाणे जमिनी आणि इमारतींवरील कर हा राज्यांच्या अधिकारातील विषय आहे. मग न मिळालेल्या भाड्यावरचा कर हा उत्पन्नावरचा कर नसून इमारतीवरचाच कर होय आणि संसदेला तो बसविता येत नाही, असा मुद्दा पुढे आला. १९८१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. स्वतःच्या घराचा उपयोग करता येणे हे पैशात मोजता येण्याजोगे उत्पन्नच आहे, अशी त्या निर्णयाची दिशा होती. त्याच साली दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने घरमालकांच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट केली. जेथे भाडेनियंत्रणाचा कायदा आहे तेथे, घर भाड्याने दिलेले नसले तरी, वार्षिक मूल्य त्या कायद्याखालील प्रमाणित भाड्यापलीकडे नेता येणार नाही, असे तिने म्हणणे म्हणजे अदृश्य भाडेकरूलाही भाडेनियंत्रणाचे संरक्षण देणे होते. मुंबईत १९४७ च्या भाडेकायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाने जुन्या मालकांस केवढा दिलासा मिळाला असेल याची कल्पना येते.

स्वतः राहावयाच्या घरावरची आकारणी पुढे क्रमाने सैल होत गेली आणि १९८६ च्या वित्तकायद्याने अशा एका घराचे वार्षिक मूल्य शून्यावर आणले. ते एक घर कोणते हे मालकाने निवडावयाचे. बाकीची भाड्याने दिलेलीच समजावयाची. ही निवड कागदावर सोपी होती. आईवडील गावच्या घरात, मुले शाळेसाठी शहरातल्या घरात आणि स्वतः आठवड्याआड गाडीत, अशा माणसाने आपले खरे घर कोणते म्हणून सांगावे?

आकड्यांत पाहू. दुसऱ्या घराचे वाजवी भाडे वर्षास १,२०,००० रुपये ठरले आणि नगरपालिकेची घरपट्टी ६,००० रुपये भरलेली आहे, असे धरले तर उरले १,१४,००० रुपये. त्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी तीस टक्के, म्हणजे ३४,२०० रुपये, वजा केल्यावर ७९,८०० रुपये करपात्र होत. वीस टक्क्यांच्या पायरीवरील माणसाला त्यावर सुमारे सोळा हजार रुपये कर पडे. हे सारे अशा घराबद्दल की ज्याने वर्षभरात दिले काय, तर वाळवी आणि दुरुस्तीचा खर्च.

याच्या जोडीस संपत्तिकर होता. निकोलस काल्डॉर या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारताच्या करपद्धतीविषयी अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असता हा कर आला. १९९३ नंतरच्या त्याच्या स्वरूपात एक घर किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतचा एक भूखंड करमुक्त असे. दुसरे घर वर्षातून किमान ३०० दिवस भाड्याने दिलेले असले तर तेही सुटे. बंद असले तर मात्र त्याची किंमत संपत्तीत मिळविली जाई आणि पंधरा लाखांवरील, २००९ च्या वित्तकायद्यानंतर तीस लाखांवरील, निव्वळ संपत्तीवर शेकडा एक रुपया कर बसे. म्हणजे बंद घरावर एकदा न मिळालेल्या भाड्याचा कर आणि पुन्हा त्याच्या किमतीचा कर, असा दुहेरी भार येऊ शके. साऱ्या देशातून २०१३-१४ साली या संपत्तिकराचे उत्पन्न जेमतेम १,००८ कोटी रुपये झाले. वसुलीचा खटाटोप पाहता तो ठेवण्यात अर्थ नाही असे ठरून २०१५ च्या वित्तकायद्याने तो उठविण्यात आला.

दरम्यान एक उलटा चमत्कार घडला. स्वतः राहावयाच्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मर्यादित होती. ती १९९९ मध्ये ७५,००० रुपये, २००१ मध्ये दीड लाख आणि २०१४ मध्ये दोन लाख अशी वाढत गेली, तरी तिला मर्यादा होतीच. ‘भाड्याने दिलेल्या’ समजल्या जाणाऱ्या घराच्या व्याजाला मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. वरच्याच घरावर वर्षास सहा लाख रुपये व्याज जात असेल, तर ७९,८०० रुपयांचे उत्पन्न दूर राहून उलट ५,२०,२०० रुपयांचा तोटा दिसे आणि तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येई. ज्या अदृश्य भाडेकरूने गावच्या जुन्या, कर्ज नसलेल्या घराच्या मालकास छळले, तोच मोठे कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्यास कर वाचवून देऊ लागला. गरजेपोटी दोन घरे असलेला मनुष्य भरत होता आणि गुंतवणुकीसाठी दुसरे घर घेणारा वाचवीत होता. हा विपर्यास २०१७ च्या वित्तकायद्याने आवरला. घरापासूनचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षास दोन लाखांपर्यंतच वजा करावा आणि उरलेला आठ वर्षांपर्यंत पुढे ओढून घराच्याच उत्पन्नातून वळता करावा, असे ठरले. २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत तर राहत्या घराच्या व्याजाची वजावटच मिळत नाही आणि घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. तेव्हा दुसऱ्या घरासाठी कर्ज काढण्यापूर्वी आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

शेवटी १ फेब्रुवारी २०१९ रोजी हंगामी अंदाजपत्रक मांडताना पीयूष गोयल यांनी, नोकरी, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांची काळजी यांपायी मध्यम वर्गाला दोन ठिकाणी बिऱ्हाडे ठेवावी लागतात, हे मान्य केले आणि राहत्या दुसऱ्या घराचेही वार्षिक मूल्य शून्य केले. तरीही ‘त्याच्या मालकीची नसलेली इमारत’ हे १९६१ चे शब्द कलमात राहिलेच होते. ज्याचे गावचे घर बंद आहे आणि जो शहरात स्वतःच्याच घरात राहतो, त्याने गावच्या घरासाठी कायद्याच्या कोणत्या शब्दांचा आधार घ्यावा, ही शंका उरली होती. २०२५ च्या वित्तकायद्याने ती मिटविली. मालक घरात राहात असो किंवा कोणत्याही कारणाने त्याला राहता येत नसो, अशी दोन घरे शून्य मूल्याची. कारण सांगण्याची गरज राहिली नाही. चौसष्ट वर्षे मालक होण्याची शिक्षा देणारे ते शब्द असे एका वाक्याच्या फेररचनेत नाहीसे झाले. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून झालेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही दोन घरांची ही मुभा कायम ठेवण्यात आली.

गोमंतकाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे आणि तो इतरत्र फारसा ठाऊक नसतो. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, हिंदू असो वा ख्रिस्ती, विवाहाबरोबर पतिपत्नींच्या मालमत्तेचा सामान्यतः समायिक संसार सुरू होतो. याची दखल घेऊन १९९४ च्या वित्तकायद्याने प्राप्तिकर कायद्यात ‘पाच अ’ हे कलम घातले आणि ते थेट १ एप्रिल १९६३ पासून लागू केले. त्यानुसार पगार सोडून अशा दांपत्याचे इतर उत्पन्न, घराचेही, दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. इतरत्र मात्र पतीने पुरेसा मोबदला न घेता घर पत्नीच्या नावे केले, तरी कायदा पतीलाच मालक समजतो. घरांची संख्या कमी दाखविण्याचा तो मार्ग बंद आहे.

घर ठेवण्याचा हा इतिहास झाला. विकण्याच्या इतिहासातही दुसऱ्या घराने न्यायाधीशांना कामास लावले आहे. राहते घर विकून आलेल्या भांडवली नफ्यातून दुसरे घर घेतले तर कर माफ, अशी तरतूद १९६१ पासून आहे आणि मूळच्या कलमात घर मालकाने किंवा त्याच्या आईवडिलांनी राहण्यासाठी वापरलेले असावे असा कनवाळू उल्लेख होता. इंग्रजीत तेथे ‘अ रेसिडेन्शियल हाऊस’ असे शब्द होते. या ‘अ’चा अर्थ एकच घर असा घ्यावयाचा की कोणतेही घर असा? शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली तर ते घर एक की दोन? एकवचनात अनेकवचन येते असा अर्थ लावून कर्नाटक उच्च न्यायालयाने करदात्याच्या बाजूने निर्णय दिला. व्याकरणाच्या तासाला शोभावा असा हा वाद २०१४ मध्ये ‘अ’च्या जागी ‘वन’ घालून संपविण्यात आला. २०१९ पासून नफा दोन कोटींच्या आत असल्यास आयुष्यात एकदा दोन घरांतही तो गुंतविता येतो. सोने किंवा भूखंड यांसारखी इतर मालमत्ता विकून घर घेणाऱ्यासाठीची सवलत निराळी आहे. विक्रीच्या दिवशी ज्याच्याकडे नव्या घराखेरीज एकाहून अधिक राहती घरे आहेत त्याला ती मिळत नाही. येथे गावचे विसरलेले घर अवचित आडवे येते.

आज कोणा कुटुंबाजवळ गावचे एक आणि शहरातले एक अशी दोन घरे असतील तर अदृश्य भाडेकरू त्यांच्याकडे फिरकत नाही. तिसऱ्या घरात त्याचा मुक्काम अजूनही आहे. आणि दुसऱ्या घरात त्याला परत बोलावण्याचा एक सोपा मार्गही शिल्लक आहे. गोव्यातील किंवा कोकणातील रिकामे घर मे महिन्यात पर्यटकांना पंधरा दिवस दिले, तर त्या वर्षापुरती शून्य मूल्याची सवलत त्या घराला राहात नाही. वार्षिक मूल्य मग मिळालेल्या पंधरा दिवसांच्या भाड्यावर थांबत नाही, तर साऱ्या वर्षाच्या वाजवी भाड्याशी ताडून पाहिले जाते. आणि घरपट्टीची पावती त्या वर्षात फाडलेली नसेल तर तिचीही वजावट मिळत नाही.